नियम आणि इजा : बालकाच्या नैतिक विवेकाचा विकास आणि बालपणाची कथने

बालपणाच्या साहित्यिक कथनांचा विचार करताना दोन परस्परविरोधी गृहीते सहसा न तपासताच स्वीकारली जातात. मूल स्वभावतः निष्पाप असते आणि समाज त्याला बिघडवतो, हे पहिले गृहीत. मूल ही कोरी पाटी असून वडीलधाऱ्यांच्या संस्कारांमुळे त्याच्या ठायी नीती निर्माण होते, हे दुसरे. पहिल्याचा पगडा युरोपीय स्वच्छंदतावादी परंपरेवर आहे, तर दुसऱ्याचा आधुनिक भारतीय भाषांतील बहुतांश बालवाङ्मयावर. विसाव्या शतकातील विकासात्मक मानसशास्त्राने या दोन्ही गृहीतांना आव्हान दिले. मूल नियम केवळ ग्रहण करत नाही, तर त्याविषयी विचार करते. या विचाराला स्वतःचा आकार असतो आणि वयानुसार तो बदलत जातो, असे या संशोधनाने दाखवून दिले.

या बदलाचे स्वरूप काय, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. प्रस्तुत लेखात या मतभेदांचा प्रमुख धागा उलगडून दाखवला आहे आणि त्याच्या प्रकाशात बालपणाच्या काही भारतीय कथनांचा विचार केला आहे. नैतिक वाढ म्हणजे आज्ञापालनाकडून तत्त्वनिष्ठेकडे जाणारी एकच सरळ चढण नव्हे. नियम आणि इजा यांतील भेद ओळखण्याची क्षमता हा तिचा गाभा आहे. आणि जेथे नियमच इजा करतो, तेथे हा भेद कोणाला केव्हा दिसेल हे मुलाच्या वयाइतकेच त्याच्या सामाजिक स्थानावरही अवलंबून असते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

गोट्यांचा डाव आणि पंधरा पेले

या विषयाच्या पद्धतशीर अभ्यासाचा प्रारंभ झां पियाजे यांच्या १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या बालकांच्या नैतिक निर्णयावरील फ्रेंच ग्रंथापासून मानला जातो. पियाजे यांनी नीतीची चर्चा आज्ञा व उपदेश यांपासून सुरू न करता मुलांच्या खेळापासून सुरू केली, हे लक्षणीय आहे. जिनीव्हा व नशातेल येथील मुलांना त्यांनी गोट्यांच्या खेळाचे नियम विचारले. हे नियम कोणी केले, ते बदलता येतील का, बदलल्यास तो डाव खरा ठरेल का, असे ते प्रश्न होते. लहान मुलांच्या लेखी नियम हे वडीलधाऱ्यांकडून किंवा देवाकडून आलेले आणि म्हणून अटळ होते, जरी प्रत्यक्ष खेळताना तीच मुले ते सर्रास मोडत असत. दहा-बारा वर्षांच्या मुलांना मात्र नियम ही खेळणाऱ्यांच्या संमतीने ठरलेली आणि संमतीनेच बदलता येणारी गोष्ट वाटत होती. वय वाढल्यावर नियमांवरील श्रद्धा सैल होते आणि पालन मात्र काटेकोर होते, हा या निरीक्षणातील सर्वांत अनपेक्षित भाग होय.

याला पूरक म्हणून पियाजे यांनी मुलांना कथांच्या जोड्या सांगितल्या. एक मुलगा दार उघडतो. दारामागे पेले ठेवले आहेत हे त्याला ठाऊक नसते आणि पंधरा पेले फुटतात. दुसरा आई घरी नसताना कपाटातील मुरंबा चोरून घेऊ पाहतो आणि एक पेला फुटतो. यांपैकी अधिक वाईट कोण? लहान मुले बहुधा पंधरा पेले फोडणाऱ्याकडे बोट दाखवतात, मोठी मुले हेतूचा विचार करतात. चोरी करून पळणाऱ्या मुलाच्या पायाखालचा पूल मोडला, तर चोरीमुळेच तो मोडला असेही लहान मुलांना वाटते. अपराधाची शिक्षा वस्तुजातातूनच उगवते, या समजुतीला पियाजे यांनी अंतर्निहित न्याय असे म्हटले. नीतिकथा व लोककथा यांच्या अभ्यासकाला ही संकल्पना ओळखीची वाटेल, कारण दुष्टाला आपोआप शासन घडवणारी कथानके याच समजुतीवर उभी असतात.

परायत्त नीतीकडून स्वायत्त नीतीकडे होणारे हे संक्रमण कशामुळे घडते? एमिल दुर्केम यांच्या मते नीती म्हणजे समाजाच्या अधिकाराविषयीचा आदर, आणि शिक्षक हा त्या अधिकाराचा प्रतिनिधी. पियाजे यांनी याच्याशी उघड मतभेद नोंदवला. मोठ्यांच्या एकतर्फी अधिकारातून आज्ञाधारकता येते. न्यायाची कल्पना मात्र समवयस्कांच्या परस्पर व्यवहारातून, म्हणजे भांडणे, वाटण्या आणि तडजोडी यांतून घडते, असे त्यांचे म्हणणे होते. संस्कार या शब्दाभोवती गुंफलेल्या आपल्याकडील विचाराला हा मुद्दा आजही अडचणीचा आहे.

पायऱ्यांची रचना आणि तिच्या मर्यादा

पियाजे यांचा धागा लॉरेन्स कोलबर्ग यांनी पुढे नेला. शिकागो विद्यापीठात १९५८ साली सादर केलेल्या प्रबंधासाठी त्यांनी १०, १३ व १६ वर्षे वयाच्या ७२ मुलग्यांच्या मुलाखती घेतल्या. मरणासन्न पत्नीसाठी औषध हवे आहे, औषधविक्रेता अवाच्या सवा किंमत मागतो आहे, अशा वेळी हाइन्झ नावाच्या पतीने औषध चोरावे का, हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध पेच. चोरावे की चोरू नये या उत्तराला कोलबर्ग महत्त्व देत नसत; त्यामागे दिलेल्या कारणांची घडण ते तपासत. त्या आधारे त्यांनी तीन स्तर व सहा पायऱ्या कल्पिल्या. पहिल्या स्तरावर शिक्षा व लाभ यांचा विचार असतो. दुसऱ्या, सांकेतिक स्तरावर भले म्हणवून घेणे व समाजव्यवस्था राखणे यांना प्राधान्य असते. तिसऱ्या, उत्तरसांकेतिक स्तरावर व्यक्ती कायद्यापलीकडे जाऊन सर्वांना लागू होईल अशा तत्त्वाचा आधार घेते. सहाव्या पायरीचे पुरेसे पुरावे न मिळाल्यामुळे पुढे गुणांकनाच्या नियमपुस्तिकेतून ती वगळावी लागली.

या रचनेवर दोन बाजूंनी आक्षेप आले. कोलबर्ग यांच्या मूळ अभ्यासात एकही मुलगी नव्हती, याकडे कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये लक्ष वेधले. त्यांच्या ग्रंथातील अकरा वर्षांचा जेक हाइन्झचा पेच गणितासारखा सोडवतो : जीव मालमत्तेहून मोठा, म्हणून चोरावे. त्याच वयाची एमी मात्र पेचाची मांडणीच नाकारते. चोरी करून हाइन्झ तुरुंगात गेला तर पत्नीकडे कोण पाहणार, औषधविक्रेत्याशी आणखी बोलता येणार नाही का, असे ती विचारते. कोलबर्ग यांच्या मोजपट्टीवर एमी खालच्या पायरीवर पडते. गिलिगन यांच्या मते ती निराळ्या प्रश्नाचे उत्तर देत असते. नात्यांची जबाबदारी व काळजी हे तिच्या नीतीचे केंद्र असते. पुढील संशोधनात स्त्री-पुरुषांमधील हा भेद गिलिगन सुचवतात तेवढा ठळक आढळला नाही. तथापि काळजीची नीती न्यायाच्या नीतीची कनिष्ठ पायरी नव्हे, हा त्यांचा मुद्दा टिकून राहिला.

प्रेमचंदांची 'ईदगाह' ही कथा या चर्चेच्या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगी आहे. चार-पाच वर्षांचा हमीद ईदच्या जत्रेत आपल्याजवळच्या तीन पैशांत मिठाई किंवा खेळणे न घेता आजीचे हात तव्यावर भाजतात हे आठवून चिमटा विकत घेतो. या कथेचे वाचन सामान्यतः त्यागाच्या अंगाने केले जाते. परंतु तिचा मोठा भाग वादविवादाने व्यापला आहे. मातीच्या शिपायापेक्षा व वकिलापेक्षा चिमटा श्रेष्ठ कसा, हे हमीद मित्रांना युक्तिवादाने पटवून देतो. म्हणजे काळजीतून घेतलेल्या निर्णयाचे समर्थन तो समवयस्कांच्या सभेत करतो. पियाजे आणि गिलिगन यांनी वेगळ्या केलेल्या दोन प्रक्रिया येथे एकाच मुलाच्या ठायी एकत्र काम करताना दिसतात. शेवटी अमीना रडू लागते, तेव्हा त्या अश्रूंचा अर्थ हमीदला कळत नाही. आपल्या कृतीचे नैतिक मोल न उमगताही ती कृती करता येते, हे प्रेमचंदांनी अचूक टिपले आहे.

भुवनेश्वरचा वाद

दुसरा आक्षेप संस्कृतीच्या दिशेने आला. जॉन स्नॅरी यांनी १९८५ मध्ये २७ देशांतील ४५ अभ्यासांचा आढावा घेतला. प्रारंभीच्या पायऱ्या जवळजवळ सर्वत्र आढळत होत्या. उत्तरसांकेतिक स्तर मात्र पारंपरिक ग्रामसमाजांत सहसा दिसत नव्हता. याचा अर्थ त्या समाजांतील प्रौढ नैतिकदृष्ट्या अप्रगत मानावेत, की मोजपट्टीच एका विशिष्ट संस्कृतीची मानावी?

याच सुमारास एलियट ट्युरिएल यांनी पायऱ्यांच्या कल्पनेलाच वळसा घालणारी मांडणी केली. मूल आधी संकेत मानते व पुढे कधीतरी नीतीपर्यंत पोहोचते, हे त्यांना मान्य नव्हते. तीन-चार वर्षांची मुलेही दोन प्रकारच्या नियमांत फरक करतात, असे त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. बाईंनी परवानगी दिली तर वर्गात ठरलेल्या जागेवर न बसणे चालेल का, या प्रश्नाला मुले होकार देतात. बाईंनी परवानगी दिली तर दुसऱ्याला मारणे चालेल का, याला मात्र नकार देतात, कारण त्याला लागते. पहिला नियम हा संकेत, दुसरा नीतीचा. संकेताचा आधार अधिकार असतो, नीतीचा आधार इजा.

या भेदाची कसोटी भारतात लागली. रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांनी भुवनेश्वरच्या जुन्या मंदिरनगरीतील ब्राह्मण व अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील मुले व प्रौढ, तसेच शिकागोतील रहिवासी यांना ३९ प्रसंगांविषयी प्रश्न विचारले. हा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. वडिलांच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी ज्येष्ठ पुत्राने केस कापून घेतले व कोंबडी खाल्ली, हे कृत्य भुवनेश्वरमध्ये अत्यंत गंभीर ठरले. अमेरिकी प्रतिसादकांना त्यात अपराधच दिसला नाही. खाणे, पेहराव, सोवळेओवळे हे भुवनेश्वरच्या लोकांच्या लेखी संकेत नव्हते, ती नीतीच होती. संकेत व नीती यांतील भेद सार्वत्रिक नसून तो विशिष्ट समाजांची निर्मिती आहे, असा निष्कर्ष श्वेडर यांनी काढला.

ट्युरिएल व त्यांच्या सहकाऱ्यांनी याला दिलेले उत्तर साहित्याच्या अभ्यासकांनी ध्यानात घ्यावे असे आहे. पुत्राच्या वर्तनाने मृत पित्याच्या आत्म्याला पीडा होते अशी ज्याची धारणा आहे, तो कोंबडीच्या प्रसंगात इजाच पाहतो. म्हणजे इजा करू नये हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे. इजा कोणाला व कशी होते यांविषयीच्या धारणा वेगळ्या आहेत. तरीही एक प्रश्न उरतो. व्यवस्थेच्या लाभार्थ्यांना आणि तिचा भार वाहणाऱ्यांना एकच नियम सारखा दिसतो का? सेसिलिया वाइनरिब व ट्युरिएल यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इस्राएलमधील द्रुझ समाजातील किशोरवयीन व प्रौढ स्त्री-पुरुषांचा विचार आहे. पती व पिता यांच्या अधिकाराला मान देणाऱ्या या समाजातील स्त्रियाही त्या अधिकाराच्या काही रूपांना अन्याय्य म्हणत होत्या. तेव्हा संस्कृती म्हणजे एकसुरी आवाज नव्हे. तिच्या आत वरून व खालून पाहणारे डोळे वेगळे असतात.

अर्भकांविषयीच्या संशोधनानेही मूळ प्रश्न सोडवलेला नाही. मदत करणारी आकृती अर्भके अधिक पसंत करतात, असा निष्कर्ष २००७ मध्ये खूप गाजला होता. अनेक देशांतील प्रयोगशाळांनी एकत्र येऊन केलेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनःपरीक्षणात मात्र ही पसंती आढळली नाही. नैतिकता जन्मजात असल्याचा दावा त्यामुळे आज सावधपणेच करावा लागतो.

तीन मराठी बालपणे

स्थानाचा हा प्रश्न महाराष्ट्रातील तीन लेखनांच्या आधारे अधिक स्पष्ट करता येतो. त्यांतील दोन मराठीत आहेत, तर एक इंग्रजीत.

साने गुरुजींचे 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले व १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रौढ श्याम आश्रमातील मित्रांना रात्रीमागून रात्र आपल्या आईच्या आठवणी सांगतो, अशी त्याची रचना आहे. पुस्तकाची ख्याती संस्कारकथा म्हणून असली, तरी त्यातील आई केवळ आज्ञा करत नाही, ती कारणे देते. 'देवाला सारी प्रिय' या प्रकरणात महार समाजातील एक वृद्धा डोक्यावरची मोळी पडल्याने अडचणीत सापडते. आई श्यामला तिच्या मदतीला जाण्यास सांगते, आणि घरी येऊन आंघोळ करण्यासही सांगते. या दोन सूचनांमधील ताण हा या प्रकरणाचा नैतिक गाभा आहे. पहिली सूचना इजेकडे पाहते, दुसरी संकेत सांभाळते. आई संकेत मोडत नाही, त्याला दुय्यम ठरवते. श्यामपुढील अडचण मात्र लोक काय म्हणतील एवढीच आहे. ट्युरिएल यांच्या परिभाषेत श्याम येथे संकेत व नीती वेगळे करण्यास शिकतो. परंतु हा भेद त्याला वरून, करुणेच्या वाटेने दिसतो. आंघोळीचा संकेत हीच त्या वृद्धेला होणारी इजा आहे, हे या कथनाच्या बालविश्वात उच्चारले जात नाही. मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दरवाजे सर्वांसाठी उघडावेत म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले. प्रकरणात न उच्चारलेला निष्कर्ष पुढे लेखकाच्या कृतीतून पूर्ण झाला, असे म्हणता येईल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे इंग्रजीतील आत्मकथनपर लेखन १९३०च्या दशकाच्या मध्यातील असून १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. त्यातील पहिला प्रसंग १९०१ सालचा, ते नऊ वर्षांचे असतानाचा आहे. वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात. नीटनेटक्या कपड्यांमुळे स्टेशनमास्तर त्यांना ब्राह्मणांची मुले समजतो. ती महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलतो. गाडीवाले भाड्याने यायला तयार होत नाहीत. अखेर दुप्पट भाडे घेऊन, गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर एक जण राजी होतो. वाटेत जवळ अन्न असूनही पाण्यावाचून ते खाता येत नाही. टोलनाक्यावर मुसलमान असल्याचे सांगूनही पाणी मिळत नाही.

नैतिक विकासाच्या अभ्यासकासाठी या प्रसंगाहूनही महत्त्वाचे आहे ते लेखकाने त्यावर केलेले भाष्य. शाळेत वेगळे बसणे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसणे, शिपाई नसेल तर तहानलेले राहणे हे सारे त्या मुलाला आधीच ठाऊक होते. परंतु त्या वेळेपर्यंत अस्पृश्यता त्याला, इतर अनेक स्पृश्यास्पृश्यांप्रमाणेच, एक सहज स्वाभाविक बाब वाटत होती. या प्रवासाने त्याला धक्का दिला आणि तो तिच्याविषयी विचार करू लागला. पियाजे यांच्या गोट्या खेळणाऱ्या लहान मुलासारखेच येथे नियमाचे रूप अनादी व अटळ आहे. त्याचे मनुष्यकृत असणे मात्र समवयस्कांच्या मोकळ्या व्यवहारातून नव्हे, तर तहानेतून उघड होते. कोलबर्ग यांचा हाइन्झ कल्पित होता. पाण्यासाठी जात लपवावी का, हा नऊ वर्षांच्या मुलापुढील पेच प्रत्यक्षातला होता, आणि खोटे बोलूनही तो सुटला नाही.

तिसरे उदाहरण काळाने सर्वांत आधीचे आणि एका अर्थाने सर्वांत मोलाचे आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वरील दोन्ही कथने प्रौढांनी मागे वळून पाहताना लिहिली आहेत. येथे शाळकरी वयातील मुलगी स्वतः लिहिते. तिच्या युक्तिवादाची घडण पाहण्याजोगी आहे. वेद हे केवळ ब्राह्मणांचे असतील, ते पाहण्याचाही इतरांना अधिकार नसेल, तर इतरांना धर्मपुस्तक नाही. आणि धर्मपुस्तक नसेल तर ते धर्मरहित ठरतात. म्हणून आमचा धर्म कोणता ते देवानेच कळवावे, अशी ती प्रार्थना करते. प्रतिपक्षाचे विधान मान्य करायचे आणि त्यातून त्याला नको असलेला निष्कर्ष काढायचा, ही वादपद्धती तिने सहजपणे वापरली आहे. परंतु निबंध तर्कावर थांबत नाही. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या स्त्रियांना थंडीवाऱ्याचा किती त्रास होत असेल, याकडेही तो वाचकाचे लक्ष वेधतो. न्यायाचा युक्तिवाद आणि काळजीची नजर येथे परस्परांपासून वेगळ्या काढता येत नाहीत. उत्तरसांकेतिक विचार हे प्रौढ व शिक्षित अल्पसंख्याकांचे लक्षण मानणाऱ्या पायऱ्यांच्या रचनेत या निबंधाला जागा शोधणे अवघड आहे. त्यामागे काही वर्षांचे शालेय शिक्षण आहे, ही गोष्टही दुर्लक्षिता येत नाही. इजेचा अनुभव स्थानामुळे मिळाला. त्याला युक्तिवादाचा आकार देण्याचे साधन शाळेमुळे मिळाले.

वाचनाच्या दृष्टीने

मार्क ट्वेन यांच्या हकल्बेरी फिनची तुलना येथे उपयुक्त ठरते. पळालेला गुलाम जिम याचा ठावठिकाणा कळवणारे पत्र हक लिहितो आणि फाडून टाकतो. असे केल्याने आपण नरकात जाऊ, यावर त्याचा पूर्ण विश्वास असतो. त्याची कृती इजा ओळखते, पण त्याचा तर्क मात्र समाजाच्या संकेतातच अडकलेला राहतो. श्यामच्या बाबतीत कारण आई पुरवते. हककडे तसे कारण देणारे कोणी नाही, म्हणून तो स्वतःलाच पापी ठरवतो. मुक्ता साळवे यांच्यापाशी अनुभव व कारण दोन्ही आहेत, म्हणून त्या पापाचा प्रश्न व्यवस्थेकडे वळवतात.

या तुलनेतून वाचनाच्या दृष्टीने तीन गोष्टी लक्षात येतात. बालनायकाची कृती आणि त्या कृतीसाठी त्याने दिलेले कारण स्वतंत्रपणे तपासावे लागते, कारण दोन्ही एकाच गतीने वाढत नाहीत. प्रौढ निवेदकाने बालपणावर चढवलेला विवेक आणि त्या वयाचा विवेक यांतील अंतर मोजावे लागते. आंबेडकरांनी आपले आधीचे न कळणे जसे प्रांजळपणे नोंदवले, तसे सर्वच आत्मकथनांत घडत नाही. तिसरी गोष्ट अशी की, मुलाचे वय सांगून त्याच्या नैतिक विवेकाची पायरी ठरत नाही. ज्या नियमाविषयी ते विचार करत आहे, त्या नियमाच्या कोणत्या बाजूला ते उभे आहे हेही सांगावे लागते. बालपणाचे वाङ्मय एकत्र ठेवून वाचताना, विशेषतः दलित आत्मकथने आणि संस्कारकथा शेजारी शेजारी ठेवताना, हा तिसरा मुद्दा निर्णायक ठरतो. श्याम आणि मसूर स्थानकावर उतरलेला मुलगा हे दोघेही मराठी समाजातच वाढत होते आणि एकाच नियमाला सामोरे जात होते. त्या नियमापलीकडे पाहण्यासाठी एकाला आईचे शब्द पुरेसे ठरले. दुसऱ्याला तहान सोसावी लागली.